दोन आणि तीन

पांढरीपांडे बंधूंची सत्त्याहत्तरची पद्मिनी
पाचपावलीच्या पुलाखाली फुरफुरत आली.
चढावर दम नाही, म्हणे. उभ्या उभ्या थरथरते,
गायीच्या पाठीवर माशी बसावी तशी.

थोरले डावीकडे उभे, धाकटे उजवीकडे.
एक आठवडा यांचा, एक त्यांचा,
सोमवारी सकाळी किल्ली बोळातल्या भिंतीवर ठेवायची
असा तीस वर्षांचा नियम.
"याला क्लचवर पाय ठेवून झोपायची सवय आहे," थोरले मला म्हणाले.
"यांना सांगा, ऑईलला पैसे पडतात," धाकटेही मलाच म्हणाले.
मी बोनेट उघडलं.

इंजिन गरम होतं ते बरं झालं,
थंड इंजिन खोटं बोलते.
चारही प्लग काढले, कॉईलची वायर सोडवून ठेवली,
चेतराम आत बसला अ‍ॅक्सिलेटर तळाला टेकवून.
मीटरचं रबरी तोंड पहिल्या भोकात दाबून धरलं.
"मार बे सेल्फ."
खच् खच् खच् खच् खच्.
एकशे तीस.
दोन नंबर: ऐंशी.
तीन नंबर: ऐंशी.
चार: एकशे अठ्ठावीस.
खडूनं टिनावर लिहिलं.
दोघं भाऊ वाचत राहिले,
नापास विषय कोणाचा ते शोधत.

"रिंगा," थोरले म्हणाले.
"व्हॉल्व्ह," धाकटे.

चमचाभर ऑईल दोन नंबरात सोडलं, पुन्हा सेल्फ.
रिंगा गेल्या असत्या तर काटा उडी मारून वर जाता.
ऐंशीचे झाले ब्याऐंशी.
आता रिंगांचं नाव कोणी घेऊ नये.

मग पिस्टन माथ्यावर आणला, गाडी गिअरमधे अडकवली,
शेजारच्या पंक्चरवाल्याकडून हवेची नळी ओढून आणली
आणि दोन नंबरात हवा भरत गेलो.
इथून पुढे काम कानाचं.
माझा बाप गोळीबार चौकात हातमागावर बसायचा,
तुटलेला धागा त्याला दिसायच्या आधी ऐकू यायचा.
डोळे लवकर गेले त्याचे.

कार्बोरेटरला कान लावला. शांत.
सायलेन्सरपाशी उकिडवा बसलो. शांत.
ऑईलच्या झाकणाशी जराशी कुजबुज,
तेवढी म्हाताऱ्या इंजिनाला माफ.
रेडिएटरमधे एक बुडबुडा नाही.
मग तीन नंबरच्या उघड्या भोकावर वाकलो
तर गालाला वारा लागला.

"गॅस्केट," मी म्हणालो. "दोन अन् तीनच्या मधली पट्टी जळाली.
बोटभर रुंद नसते ते.
हे दोघं संगंच वर येते, संगंच खाली जाते,
पेटते मात्र आपापल्या टायमाले.
मधी आड पाहिजे ना जी.
आड गेला का याचा दम त्याच्यात, त्याचा याच्यात,
अन् दोघंबी बिनकामाचे."

पुलावरून ट्रक गेला. धूळ खाली येईस्तोवर कोणी बोललं नाही.

"उकळली होती का कधी?"

थोरल्यांनी चष्मा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.
धाकटे म्हणाले, मे महिन्यात. वर्ध्याला बहीण गेली.
त्या दिवशी आठवडा कोणाचा ते पाहिलं नाही,
दोघं एकाच गाडीत बसलो.
बुटीबोरीच्या पुढे पाण्याचा काटा लाल झाला.

"मला दिसला होता," थोरले म्हणाले. बोनेटकडे बघून.
"मलाही."

आधी बोलायचं कोणी, म्हणून
केळझर येईस्तोवर तशीच हाणली.

मी हिशेब सांगितला: हेड उतरवावं लागेल,
लकडगंजात घासून सपाट करून आणावं लागेल,
रविवारपर्यंत होईल.
म्हणजे सोमवार आला.
"किल्ली कोणाले देऊ?"
दोन हात पुढे आले, दोन्ही मागे गेले.

किल्ली अजून माझ्या खिळ्यालाच आहे.
हेड उघडलं. गॅस्केटवर, दोन आणि तीनच्या मधे,
नखाएवढी जागा काळी, कुरतडल्यासारखी.
फेकली नाही. कागदात गुंडाळून ठेवली आहे,
दाखवीन म्हणतो.
आधी कोणाला, तेवढं ठरत नाही.