हिरव्या पट्ट्यापर्यंत

सहाही वाजले नाहीत, तरी थाटीपूरच्या भिंती
कालच्या उन्हानं अजून कोमट.
सॅन्ट्रो ढकलत बाहेर काढली, कडुनिंबाखाली.
इंजिन चालू ठेवायचं तर उघड्यावरच.
हँडब्रेक ओढला. मागच्या चाकाला वीट.
ओढणी घरातच ठेवून आले,
फिरत्या पट्ट्याला कापड फार आवडतं,
असं इसरारभाई म्हणतात.

आबा पायरीपाशी खुर्ची टाकून बसलेत.
मंगळवार, गुरुवार, शनिवार
मी त्यांना डायलिसिसला नेते,
आणि परतताना दुपारचे दोन, पंचेचाळीस अंश.
गेल्या शनिवारी फूलबागेच्या सिग्नलला
त्यांनी काचेवर तळहात टेकला
आणि लगेच काढून घेतला.
बोलले काहीच नाहीत.
म्हणून हा डबा.

काल सांध्यासांध्याला साबणाचं पाणी लावून पाहिलं.
कुठे बुडबुडा नाही.
"इतने साल में थोड़ी तो उड़ती है, दीदी,
पर महीने भर में फिर गई, तो भरना मत, मेरे पास लाना."
आणि जाता जाता मागे वळून:
"मोटी वाली नली. पतली वाली को हाथ भी नहीं."
पातळ नळीत दाब इतका, की डबाच फुटायचा.

शाळेच्या प्रयोगशाळेतला चष्मा, चामड्याचे हातमोजे.
हा वायू निसटला तर कातडी गोठवतो,
मे महिन्यात, ग्वाल्हेरला, हिमदंश!
आबा हसले. हसताना खोकला आला.

मोटी नळी. टोपी काढली, ती खिशात.
एसी पूर्ण, पंखा चारवर, दारं उघडी.
कॉम्प्रेसर टक् करून लागतो, टक् करून सुटतो,
लागतो, सुटतो,
दम न पुरणाऱ्या माणसासारखा.
बाहेर तेहतीस. तबकडी तेहतीसवर फिरवून घेतली.
डबा उभा धरायचा, उलटा कधीच नाही.
थोडं सोडायचं, थांबायचं, बघायचं.

"गारवा नसतो त्यात," आबा म्हणाले.
एकतीस वर्षं ते मिलच्या दमट हवेचे राखणदार होते,
हवा कोरडी पडली की धागा तुटायचा.
"तो नुसता हमाल आहे. आतली उष्णता
पाठीवर घेतो, बाहेर नेऊन टाकतो.
जास्त हमाल भरलेस, तर दारातच अडकतील."

डबा हातात गार पडत गेला.
सुई हलली. पुन्हा थांबली.
मग हिरव्या पट्ट्यात शिरली, जरा आत.
कॉम्प्रेसर लागला तो लागलाच.
झरोक्यातून वारा आला, खरा, मनगटावरची लव उभी करणारा,
आणि मला वाटलं, अजून थोडं.
डब्यात आहे की अजून. पैसे दिलेत.
दुपारी दोनच्या त्या काचेसाठी, अजून थोडं.

"पुरे," आबा म्हणाले.
तबकडी त्यांना तिथून दिसत नव्हती.
त्यांच्या खुर्चीखाली स्टीलचा पेला होता,
दिवसाच्या साडेसातशे मिलीतला सकाळचा वाटा,
अर्धा पिऊन, वर वाटी झाकून ठेवलेला.

मी झडप बंद केली. नळी सोडवली. फुस्, बस् इतकंच.
उरलेला डबा सावलीत, जिन्याखाली.

आज बुधवार. कुठे जायचं नाही.
तरी ते उठले, खुर्चीचा हात धरून,
पुढच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं,
आणि झरोक्यासमोर तळहात धरला.
बराच वेळ.
मग काच दोन बोटं खाली करून म्हणाले,
"टोपी लावलीस का नळीची?"

खिशातच होती.