बारावा सापळा

वहीत बारा आहेत.
मला अकरा सापडले.

ऑर्वल ट्वेट माइल्स सिटीच्या इस्पितळात,
खुब्यात नवा सांधा, नाकात नळी,
आणि लावलेला सापळा असा वाऱ्यावर सोडायचा नसतो.
म्हणून त्याच्या पिकअपची किल्ली माझ्याकडे.
मागे चाळणी, हातोडी, गुडघ्याखाली घ्यायचं गोणपाट,
आणि ते रबरी हातमोजे
जे घालून त्यानं मला कधी डिझेल भरू दिलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात त्यानं सापळा दाखवलासुद्धा नव्हता.
नुसतं चालवलं.
आधी जागा, म्हणाला, लोखंड मागून.
नांगरट संपून गवत सुरू होतं ती रेघ.
कुंपणाखालची घळ, खालच्या तारेला केस अडकलेले.
दोन टेकड्यांमधली खिंड,
जिथं माझ्या टोपीला वारा रोज त्याच बाजूनं धरायचा.
"कायोटी आपल्यासारखाच आळशी, पोरी.
सोपी वाट सोडून अवघड कोण चालतं?
आणि जिथं दोन गोष्टी भेटतात तिथं तो थांबतो.
तू नाही थांबत, फाटकापाशी?"

दुसऱ्या हिवाळ्यात लोखंड.
अक्रोडाच्या सालींच्या काळ्या पाण्यात उकळायचं,
मग मेण. घराबाहेर, चुलीवर, जेवणाच्या भांड्यांपासून लांब.
नवा चकचकीत सापळा म्हणजे
माळावर मोठ्यानं मारलेली हाक.
साखळीला भिंगरी दोन ठिकाणी हवी.
स्वस्तातली घेतली तर अडकते,
मग साखळी पिळते, मग पाय.
"मारायचंय, छळायचं नाही.
हा फरक कळत नसेल तर कोंबड्या पाळ."

त्या एप्रिलमध्ये सतरा कोकरं गेली.
मी मोजली होती. एकाला तर नावही होतं.

वहीतलं अक्षर नऊपर्यंत सरळ आहे.
१. जुना पूल, पश्चिम अंग, वारा वायव्य.
४. मेलेल्या गाईपासून तीस पावलं, जवळ नाही.
१०. कडेचं बाभूळ नव्हे, दुसरं झुडूप (हे खोडलेलं).
१२. नेहमीच्या जागी.

नेहमीच्या जागी.
दोन दिवस मी माळ पिंजला.
तिसऱ्या दिवशी त्याच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले
आणि मग माग काढला तो ऑर्वलचाच.

दुखऱ्या खुब्याचा म्हातारा कुठून जाईल?
चढ नको. बर्फ साचतं ती बाजू नको.
कोठाराच्या भिंतीला हात टेकत टेकत,
भिंत संपली की कुंपणाचा खांब,
आणि मातीत काठीची गोल भोकं, एकाआड एक,
घाई नसलेली.
परसाचं फाटक जिथं कुरणाला भेटतं
तिथं भोकं दाट झालेली.
इथं तो थांबला होता.
इथं मीही थांबले.

सापळा होता. काय सुरेख लावला होता!
चाळलेली माती, तिरप्या काटकीचा इशारा,
भोवतालचं गवत जसं रात्रभर कुणी फिरकलंच नाही.
मी काठीनं चाप दाबला.
काही नाही.
पुन्हा दाबला.
मग गुडघ्यावर बसून माती फुंकली:
चापाखाली तारेचा पीळ, घट्ट, तिनदा फिरवलेला.
जबडे मिटणारच नव्हते. कधीच.

आणि फुंकण्याआधी पाहायला हवं होतं ते
मी अर्धंच पाहिलं होतं. उरलेलं अर्धं अजून तिथं होतं.
दोन बोटं, नखांचे ठिपके,
बरोब्बर चापाच्या मधोमध.

संध्याकाळी इस्पितळात
मी वही त्याच्या पांघरुणावर ठेवली.
"बारा?" त्यानं विचारलं.
बारा.
तारेबद्दल मी बोलले नाही, तोही नाही.
"पडला होता का पाय?"
मी बोटानं चादरीवर जागा दाखवली.

बराच वेळ तो त्या सुरकुतीकडे बघत राहिला.
मग खिडकीकडे मान वळवून,
जणू उद्या पहाटे निघायचंच आहे,
म्हणाला, "वारा कुठला आहे बघ जरा."
खिडकी उघडणारी नव्हती.
मी काचेला गाल लावला आणि सांगितलं,
वायव्येचा.