सोमवारचं दुखणं

इकडे, येम्टलँडच्या रानात, याला सोमवारचं दुखणं म्हणतात.
सहा दिवस ओंडके ओढणारी घोडी
रविवारी ठाणावर उभी, तोबरा भरलेला,
आणि सोमवारी पन्नास पावलांत
तिचे मागचे पाय दगडाचे.

मला ठाऊक होतं. माझ्या बापालाही ठाऊक होतं.
तरी त्या हिमवादळात चार दिवस
मी पेर्लाला दुप्पट ओट्स घातले.
माझी चाहूल लागताच ती फुरफुरायची,
आणि आल्फहिल्ड गेल्यापासून
मला वाढायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तळ्याच्या वळणावर ती थांबली.
उणे अठरा, आणि अंग घामानं निथळणारं.
पुठ्ठ्यावर हात ठेवला:
साल काढलेला, गोठलेला ओंडका.
मग तिनं पाय ताणले, आणि कोऱ्या बर्फावर
काळ्या कॉफीच्या रंगाचं मूत.

"एक पाऊलही चालवू नकोस, आल्रिक,"
फोनवर हिल्लेवी. तिला पोचायला अडीच तास.
जोत सोडलं. माझा कोट पेर्लाच्या कमरेवर,
त्यावर स्लेजवरची ताडपत्री,
आणि मी तिच्या मानेला टेकून
खोटंनाटं काहीबाही बोलत उभा.

अंधारात ट्रेलरमधून घरी आणली.
सलाइनच्या बाटल्या तुळईला टांगल्या.
रक्ताचा आकडा आला: एक लाख बारा हजार.
"फुटलेले स्नायू रक्तात उतरलेत," हिल्लेवी म्हणाली,
"चारशेच्या आत आला की केक घेऊन येईन."
शेजारचा हालवार म्हणाला, सतरा वर्षांची झाली,
सॉसेजवाल्याला फोन कर.
मी त्याला दार दाखवलं. नीट दाखवलं.

मग सुरू झालं ते काम, ज्याला कुणी काम म्हणत नाही.
गवत रात्रभर भिजवायचं,
बादली न्हाणीत ठेवायची, गोठू नये म्हणून,
सकाळी त्यातली साखर पाण्याबरोबर ओतून द्यायची.
ओट्स बंद. कायमचे.
त्यांच्या जागी वाटीभर तेल, चमचाभर मीठ,
जीवनसत्त्वाची कसलीशी पिवळी भुकटी.
तेल तिनं तीनदा माझ्या बुटांवर सांडलं.
चौथ्यांदा चाटलं, उपकार केल्यासारखं.

पाचव्या दिवशी दारापर्यंत, आणि परत.
सातव्या दिवशी विहिरीपर्यंत.
नवव्या दिवशी मला हाव सुटली,
उतारावर तिची कंबर थरथरली,
पुन्हा दारापासून सुरुवात.
लाकडांच्या पावत्यांमागे मी पावलं लिहीत गेलो.
एवढा छोटा हिशेब आयुष्यात कधी केला नव्हता.

एका रात्री ओट्सच्या पेटीत माझा हात होता.
तिनं हाक मारली होती, म्हणून.
ओंजळ भरलेली, आणि डोळ्यांपुढे
आल्फहिल्ड, भट्टीसमोर, लांब काठीनं
पातळ भाकरी उलटवणारी:
"करपते ती आगीनं नाही, आल्रिक.
न फिरवल्यानं."
ओंजळ पेटीत सोडली.
सकाळी ओट्स हालवारच्या कोंबड्यांना नेऊन दिले.
हो, त्याच हालवारच्या.

मार्चमध्ये आकडा तीनशे ऐंशी.
हिल्लेवी केक विसरून आली.
त्याच सकाळी तबेल्यामागे बर्फावर
पिवळं, लख्ख पिवळं मूत.
मी टोपी काढली.

आता रोज फिरतो. रविवारीसुद्धा.
चर्चला जाणाऱ्या गाड्या आम्हाला बघून हळू होतात,
मागच्या काचेतून पोरं हात हलवतात.
ओंडके ट्रॅक्टर ओढतो.
तळ्याच्या वळणावर ती थांबते
आणि माझ्या पोटात गोळा येतो.
पण ती नुसतीच उभी आहे, एक कान माझ्याकडे वळवून.
चढ आहे. माझा गुडघा आहे.
मी दम खातो.
मग ती निघते.