टक्केटोणपे

तक्ता धामणकर एजंटनं वहीतच काढून दिला होता,
भोसरीत, कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर.
दोन्ही डोळे गेले, शंभर टक्के.
दोन्ही हात, शंभर.
एक हात नि एक डोळा, तरी शंभरच.
"ताई, शंभराच्या वर माणूस जात नाही," तो म्हणाला
आणि आम्ही दोघंही हसलो.
तेव्हा माझी दहाही बोटं चहाच्या ग्लासाभोवती होती.

अंगठा पंचवीस.
तर्जनी दहा, मधलं बोट पाच.
करंगळीचं मी विचारलं नाही.

मार्चमधल्या एका गुरुवारी,
जेवणाच्या सुट्टीला आठ मिनिटं असताना,
पन्नास टनी प्रेस न सांगता खाली आला.
तर्जनी आणि मधलं जागच्या जागी.
त्यांचे पैसे लवकर आले, दहा लाखांवर पंधरा टक्के.
बँकेचा मेसेज वाजला तेव्हा मी
डाव्या हातानं पोहे खायला शिकत होते.

अंगठा राहिला.
राहिला म्हणजे दिसायचा,
लग्नघरातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखा
बाजूला बसलेला.

"अवयव आहे पण उपयोग नाही, अशा केसला
बारा महिने थांबावं लागतं,"
लक्ष्मी रोडच्या ऑफिसात साळवेकर मॅडम म्हणाल्या.
"कायमचं आहे हे आधी ठरायला हवं."
मी म्हटलं, मॅडम, बारा महिन्यांत कायम?
आमच्या शॉपमध्ये बारा वर्षं झाली
तरी कुणी कायम झालेलं नाही.
त्या हसल्या नाहीत.
शिक्का मात्र हळू मारला.

मग घरात एक विचित्र व्रत सुरू झालं.
सासूबाई रोज तेल कोमट करून अंगठा चोळायच्या,
नवरा कॅलेंडरवर महिने खोडायचा.
कोण कशाची वाट बघतंय
हे कुणी बोललं नाही.
अडीच लाख.
लेकीचा डिप्लोमा, खोलीचं डिपॉझिट,
आणि उरलेच तर शिलाई मशीन,
जे चालवायला अंगठा लागतो.

अकराव्या महिन्यात, आमटीत मीठ टाकताना
चिमूट झाली.
मीठ सांडलं. पुन्हा करून पाहिली.
झाली.
मी हात ओढणीखाली घेतला,
शेजारणीची वाटी उचलून आणल्यासारखा.

सोळा दिवस कुणाला सांगितलं नाही.
रात्री पांघरुणात हलवून बघायचे
आणि चिडायचे,
मेल्या, आत्ताच बरा उगवलास.

ससूनला, बुधवारी, बोर्डापुढे,
माझ्या भाच्याच्या वयाचा डॉक्टर.
फॉर्मवर पेन टेकवून म्हणाला,
"हलतो का, ताई?"
साधा प्रश्न.
शंभराच्या वर माणूस जात नाही, ते ठीक,
पण खाली किती जातो
ते धामणकरनं लिहिलं नव्हतं.

मी अंगठा दाखवला.
त्याला, की विमा कंपनीला,
की भिंतीवरच्या त्या कॅलेंडरला, कुणास ठाऊक.
त्यानं कोनमापकानं कोन मोजला,
दोनदा मोजला,
आणि आकडा लिहिला. तो पंचवीस नव्हता.

परत येताना बसमध्ये बसायला जागा नव्हती.
उजव्या हातानं दांडा धरला,
अंगठा आणि दोन बोटं.
दापोडीच्या पुलावर ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला.
पुढची बाई माझ्या अंगावर आली.
दांडा सुटला नाही.

घरी काय सांगायचं
ते अजून ठरवलेलं नाही.