तिसऱ्याचा टॅपेट

रोजचं अंतर वहीत मांडलं:
साने गुरुजी वसाहत ते उद्यमनगर,
मधे शिरोलीची फाउंड्री, येऊन-जाऊन अठ्ठावीस.
डिझेल राहील गगनबावड्याच्या घाटाला,
ही दुसरी, रोजची.
हिशेब जमतो. सही होत नाही.

सव्वीस वर्षं मी लेथवर
व्हॉल्व्ह काढतोय.
वडील स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून
मूठ कानाला लावायचे. म्हणायचे,
तिसऱ्याचा टॅपेट सैल आहे.
या गाडीत व्हॉल्व्हच नाही.
कान कुठं लावायचा?

टेस्ट ड्राइव्हला वैजयंता शेजारी.
कावळा नाक्याला सिग्नल लागला,
मला वाटलं, बंद पडली.
हात चावीकडं गेला; चावीही नव्हती.
आणि त्या शांततेत
तिचा श्वास ऐकू आला,
मधेच अडखळणारा, बारीक शीळ घालत.

कधीपासनं हे?
"झाली की दोन वर्षं," काचेबाहेर बघत म्हणाली,
"तुमच्या डिझेलात कुठलं ऐकू यायला."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न मारला.
"साहेब, शोरूम डावीकडं," मागच्या सीटवरचा पोरगा म्हणाला.
मी उजवीकडं घेतली,
दवाखान्याच्या बोळात.
बॅटरी किती उरलीय
ते त्यानंच बघावं.