छापा, काटा

मंगळवारी संध्याकाळी सहाला
(तशी संध्याकाळ इथे दुपारी तीनलाच होते)
फ्योर्डच्या काठी, जुन्या शाळेच्या हॉलमध्ये
आम्ही नऊजणी जमतो.
ओले बूट हीटरपाशी रांगेत,
टेबलांवर प्लास्टिक, त्यावर मागच्या मंगळवारचे डाग.

रेकयाविकहून बदलून आलेली मी शिकवते:
आधी जेसो, मग पोत, मग स्टेन्सिल, मग ठसे,
शाई सगळ्यात शेवटी.
शाईला घाई नको, असं दर वेळी बजावते.
दर वेळी कुणीतरी करतंच.

बाकीच्यांकडे दुकानातली स्टेन्सिलं. नेचे, फुलपाखरं,
सोल्वेइगकडे तर अख्खा आयफेल टॉवर.
स्टाइनवोरनं, वय एक्क्याऐंशी,
वर्तमानपत्राच्या घडीतून पितळी पत्रा काढला.
आरपार कोरलेली अक्षरं:
कंपनीचं नाव, खाली वजन, त्याखाली गोथेनबर्ग.
"पिंपांवरचं आहे," म्हणाली. "हेरिंगच्या."

मग खिशातून मोजे काढले,
मोज्यातून बिल्ले.
एक पिंप खारवून भरलं की मुकादम एक बिल्ला द्यायचा.
हात कोपरापर्यंत मिठात, म्हणून हातात नाही,
बुटात टाकायचा, वरून, चालता चालता.
रात्री पोटरीला किती टोचतंय
त्यावरून मजुरी कळायची.

"आणि मग?"
"मग एका उन्हाळ्यात मासे आलेच नाहीत."
एवढंच. कंपनी बुडाली,
एकोणीस बिल्ले वटवायचे राहिले.

ते तिनं कॅनव्हासवर डिंकानं चिकटवले
आणि वरून जेसोचा जाड थर दिला.
मला राहवेना. "वर ठेवा ना, दिसतील तरी."
ब्रश न थांबवता म्हणाली,
"बुटात तरी कुठे दिसायचे?"

पांढऱ्याखाली टेंगळं उठली.
त्यावर पत्रा ठेवून तिनं काळी शाई ठोकली,
ओल्या स्पंजानं. मी नेमकं जे करू नका सांगते तेच.
शाई पत्र्याखाली पसरली, वजनाचा आकडा फुगला,
गोथेनबर्ग तर पार चिखलात.
मी टिश्यू घेऊन धावले.
"राहू दे गं. पिंपं कधी कोरडी होती?
अशीच जायची. पोचायची."

ठसा कुठला घेणार, विचारलं तर
जेवणाचा डबा उघडला.
दुपारच्या माशाचा काटा, स्वच्छ धुतलेला,
शेपटीपासून मानेपर्यंत सलग.
त्याला निळी शाई लावून, तळहातानं दाबून, उचलला.
कंगव्यासारखा बारीक, एका बाजूला जरासा वाकलेला
मासा उमटला, मासा नसलेला.
सोल्वेइग हसली, "छापायला काटा!"
आमच्या नाण्यांवर मासेच असतात,
नाणं उडवताना निम्मा देश मासा मागतो.
स्टाइनवोर हसली नाही. दुसरा काटा उमटवला.
तिसरा. सातव्यापाशी शाई संपत आली
तरी भरली नाही पुन्हा.
काटे फिकट होत होत
कॅनव्हासच्या कडेबाहेर निघून गेले.

सगळ्या गेल्यावर दिवे मालवण्याआधी
मी तिच्या कॅनव्हासवरून बोट फिरवलं.
अठरा.
पुन्हा मोजले. अठराच.
कडेला कुठे निसटला असेल, म्हटलं,
नाहीतर माझंच मोजणं.

बाहेर बर्फ निळा पडला होता,
बंदरावर एकच दिवा.
चर्चच्या चढावर घोट्याखाली काहीतरी टोचलं.
खडा असेल.
चार पावलांवर पुन्हा.
थांबले, भिंतीला टेकले, बूट अर्धा सैल केला,
आणि बोटांना गोल, थंड, पातळ काही लागलं.

काढला नाही.
अंधारात कळलंही नसतं
छापा वर आहे की काटा.
लेस पुन्हा बांधली
आणि घरापर्यंत जरा लंगडत गेले.