पोकळ

मे महिना, दुपारचे पावणेतीन,
आणि हॉलमधली फरशी उठली.
उठली म्हणजे खरोखर उठली :
दोन टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या.
खालच्या मोटघरे वहिनी सिलिंडर फुटला समजून
अनवाणी जिन्यात.
कूलर आपला घुरघुरत होता.

मानेवाडा रोडच्या हार्डवेअरवाल्यानं
कॅलेंडरचा फाटका एप्रिल उलटा करून
त्यावर नंबर लिहून दिला : गुणवंत पौनीकर, टाइल्सवाले.
"उद्या सकाळीच येतो न ताई."
तीन उद्या गेले.
मी तंबूला वळसा घालून चहा करायला शिकले.

चौथ्या दिवशी आले. चपला बाहेर.
दराचं बोलण्याआधी उकिडवे बसले,
हातोडी उलटी धरून
दांड्यानं एकेक टाइल ठोकत निघाले,
मान तिरपी, डोळे मिटलेले.
ठक्. ठक्. ढप्.
"हे भरेल हाये. हे पोकय."
ढप् तिथे खडूची फुली.
"कूलर जरा बंद करा, आयकू नाई येत."

हॉलभर तेवीस फुल्या.
मधोमध तीन, जिथे मी मुलीच्या साखरपुड्याला
सव्वाशे पानं वाढली होती.

"मसाला चार कोपऱ्याले देल्ला, मधात हवा.
अन् फट नाई ठेवली एकाही जागी.
लोकायले चिपकून पाह्यजे असते.
आता ऊन आपल्या नागपूरचं,
फुगाले जागा नाई भेटली तं उठनच न ते."
मी गप्प. तो मिस्त्री भाऊजींच्या ओळखीतला,
म्हणून स्वस्तात.

फुटाला पंचेचाळीस, तोडणं वेगळं, मलबा वेगळा.
मी तीस म्हटलं.
ते काही बोलले नाहीत, फुल्यांकडे पाहत राहिले.
मीच अडतीसवर आले.

मग टाइल्स शोधणं.
भंडारा रोडची सहा दुकानं, हातात फुटका तुकडा,
सगळीकडे तेच : हा माल बंद झाला मॅडम,
आता मोठा साइज चालतो.
सातव्या दुकानाबाहेर उसाचा रस पिता पिता
पौनीकरांनी विचारलं, "बेडरूमचीही हेच हाये का?
मंग पलंगाखालची काढू, हॉलात लावू.
पलंगाखाली कोन पाह्यते?"

पलंग सरकवला.
चौदा वर्षं न पुसलेला, न तुडवलेला तो बदामी रंग
असा चमकला की मी दुकानात पहिल्यांदा पाहिला होता तसा.
तेव्हा कळलं हॉलमधला किती उतरलाय.
रोज पाहत होते, म्हणून दिसला नव्हता.

त्यांनी सूत ताणलं. बोटानं छेडलं, पुन्हा ताणलं.
"गोळीबार चौकात माग होता आमचा.
बाप म्हने, तानाच तिरपा असन तं बाना काय करन."
एवढंच. पुढे दोन दिवस मशीन आणि धूळ.
प्रत्येक सांध्यात प्लास्टिकची इवलीशी फुली,
दोन मिलिमीटर श्वास मोजून दिलेला.

आता हॉलमध्ये तेवीस टाइल्स
बाकीच्यांपेक्षा तरुण दिसतात.
मी कुरकुरले तर म्हणाले,
"चाला न त्याच्यावर. होते एकसारखं."
पलंगाखाली तीन वेगवेगळ्या दुकानांतला उरलासुरला माल,
त्यात एक तर चक्क निळं फूल.
मी त्यावर झोपते.

जाताना पैसे न मोजता खिशात घातले,
स्वयंपाकघराच्या दारात थांबून
पायाच्या अंगठ्यानं जमीन दाबली.
"फ्रिजखाली चार पोकय हायेत.
पर उठनार नाई. राहू द्या."

राहू दिल्या.
रात्री पाण्याची बाटली काढायला जाते
तेव्हा तिथे पाय जरा हलका पडतो,
आणि कधी कधी, दिवा न लावता,
खाली वाकून
बोटाच्या पेरानं ठोकून पाहते.